तिसरा दम

कानसेनचे आईवडिलांनी ठेवलेले नाव काही वेगळेच होते, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरले होते. बाकी सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि त्याला कारण होता त्याचा उजवा कान. डावा कान तुमच्या-आमच्यासारखाच, चष्म्याची काडी अडकवण्यापुरता. पण उजवा! त्या कानाला तो एक लांबलचक रबरी नळी लावायचा, नळीचे दुसरे टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. मग गाडीने मालकापासून लपवलेले सगळे त्याला ऐकू येई. एकदा म्हणे त्याने कानातली नळी काढून एका गिऱ्हाइकाला सांगितले, "गाडी ठणठणीत आहे साहेब, पण तुमच्या मनगटावरचं घड्याळ मागे पडतंय." आणि घड्याळ खरेच मागे होते. ही गोष्ट खोटी आहे असे म्हणणारे लोक आहेत. त्यांच्यापैकी एकाच्याही गाडीला दोन कार्ब्युरेटर नाहीत, एवढेच सांगतो.

कारण दोन कार्ब्युरेटरची गाडी हा प्रकारच वेगळा. हवेत पेट्रोल कालवून इंजिनाला पाजणारे भांडे म्हणजे कार्ब्युरेटर. साध्या गाडीला ते एक पुरते. जुन्या, बुटक्या, दोन माणसांच्या, शर्यतीच्या थाटाच्या गाड्यांना दोन असतात, आणि मग जिन्यावरून कपाट चढवणाऱ्या दोन भावांसारखी गत होते. दोघांनी सारखे उचलले तर कपाट पिसासारखे वर जाते. एकाने जरा अंग चोरले की कपाट, जिना आणि भाऊपण, सगळेच खाली येते. दोघे सारखे उचलतात की नाही हे कळायला कानसेनची नळी. एकाच्या तोंडाशी धरून फुसफुस ऐकायची, दुसऱ्याच्या तोंडाशी धरून ऐकायची, आणि दोन्ही सारख्या होईपर्यंत स्क्रू पिळत बसायचे. हवा मोजायची यंत्रे बाजारात आली, पण कानसेनने त्यांना बोट लावले नाही. "ज्याला कान द्यायचा देवाकडून राहिला, त्याने काटे बघावेत," असे तो म्हणायचा.

आणि हाच कान आता आपल्याला दगा देणार, या भीतीने तो गेले काही महिने आतून पोखरला जात होता.

सांगायची सोय नव्हती. त्याची बायको शिवणकाम करायची. गळ्यात मोजायची टेप, दातांत टाचणी, आणि टाचणी न पाडता बोलायची कला. तिने एकदा शिलाईयंत्रावरून मान वर न करता "पांढरी बटणं आणा" म्हणून सांगितले, तर हा पिशवीभर बटाटे घेऊन आला. तिने पिशवीत डोकावून पाहिले. "छान," ती म्हणाली, "आता शर्टांची काजं तेवढी मोठी करते."

ती हसली. कानसेन मात्र हसला नाही.

कारण आप्पांचे असेच सुरू झाले होते. आप्पा, म्हणजे त्याचे वडील, याच धंद्यातले आणि कानाने याच्याहून तिखट. आधी त्यांना घरातले बोलणे ऐकू येईना. मग कानात एक बारीक फुसफुस सुरू झाली. नळी लावल्यावर येते ती नव्हे. जेवताना, अंथरुणावर, सगळे गप्प असतानाही. आणि मग एके दिवशी आप्पांनी चालू इंजिन बंद आहे असे समजून पंख्यात हात घातला. त्यानंतर आप्पा वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसत. उरलेल्या बोटांनी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम करत. त्यांच्यापुढून गाड्या खोकत जात, शिंकत जात, आणि आप्पा सगळ्यांकडे बघून सारखेच हसत.

ती खुर्ची अजून वर्कशॉपमध्ये होती. कानसेन तिच्यावर कधी बसत नसे. जुने टायर ठेवी.

चालू इंजिनाची फुसफुस ऐकायला तो भीत नव्हता. बंद इंजिनाची ऐकायला भीत होता. इंजिन बंद केले की तो आधी नळी कानातून काढायचा, मग शिट्टी वाजवायला लागायचा. बायको म्हणायची, "हल्ली फार खुशीत असता." आता काय सांगणार?

अशात डॉक्टरांच्या घरून फोन आला.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. वर्षापूर्वी गेले. कानसेनच्या अक्कलदाढा त्यांनीच काढल्या होत्या, आणि त्यांच्या हिरव्या गाडीचे दोन्ही कार्ब्युरेटर यानेच आयुष्यभर जुळवले होते. फिटंफाट. माणूस मिश्किल; समोरच्याच्या तोंडात हात घातल्यावरच विनोद सांगायचे, म्हणजे त्याला उत्तर देता येऊ नये. तंबाखूचे मात्र हाडवैरी. दवाखान्यात सिगारेटवाल्यांच्या किडक्या दातांची बरणीच मांडून ठेवली होती, आणि स्वतः चोवीस तास लवंग चघळायचे. ते आले की आधी लवंगेचा वास यायचा, मग डॉक्टर.

"भावजी, गाडी दमलीय हो," फोनवर वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे डॉक्टरांची बायको. "लेकीला हवीय ती. आज संध्याकाळी न्यायला येतेय. परवा तिने चालू करून बघितली तर नुसती धापा टाकते. मला वाटलं, हेच बसलेत आत. त्यांनाही शेवटी शेवटी असाच लागायचा ना. 'दम लागतो गं, जरा गाडीत जाऊन बसतो' म्हणायचे. आणि गेले तेही तिथंच. मी चहाला हाक मारायला गेले, तर गाडी चालू होती आणि हे बंद."

"मी येतो, वहिनी."

"जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" कानसेन म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने तळहात पँटला पुसले.

बायकोही निघाली. वहिनींना भेटून बरेच दिवस झाले होते, आणि त्यांचे दोन झगे उसवायचे होते. टेप गळ्यात होतीच. ती झोपतानाही काढते की नाही हे कानसेनला नक्की ठाऊक नव्हते.

गॅरेज घरामागे होते. एकच खिडकी, तीही धुळीने आंधळी. मधोमध चादरीखाली गाडी. चादर ओढली तर बाटलीसारखा हिरवा रंग, बेडकासारखे बाहेर आलेले दिवे, आणि चालकाच्या सीटवर कुणी नुकतेच उठून गेल्यासारखा खळगा. कानसेनने त्या खळग्याकडे पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही. बायका स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटले गेले.

त्याने रीतीप्रमाणे कामाला सुरुवात केली. शिळे पेट्रोल काढले, ताजे भरले. दोन्ही कार्ब्युरेटरची पोटे उघडून गाळ पुसला. प्लग घासले, काळे निघाले ते उजळले. हवेच्या गाळण्या उतरवून दोन्ही तोंडे मोकळी केली. दोघांना जोडणारी दांडी सैल केली, म्हणजे ज्याचा त्याचा स्क्रू ज्याला त्याला लागू. मग खळग्यात न बसता, बाहेरूनच वाकून चावी फिरवली.

इंजिन जागे झाले, पण सुखाने नाही. चढायचे, पडायचे, पुन्हा चढायचे. जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखे.

त्याने नळी उजव्या कानाला लावली. पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरली. फुस्स. मागच्याच्या तोंडाशी धरली. फुस्स. दोन्ही जवळजवळ सारख्या. मग धाप कसली?

आणि तेव्हा त्याला ते ऐकू आले. दोन्ही फुसफुशींच्या मागे, दोघींशीही नाते नसलेला, एक बारीक, लांब, दातांतून ओढलेला श्वास. सीऽऽऽ.

नळी बाजूला घेतली. सीऽऽऽ. इंजिनाच्या खाली नेली. सीऽऽऽ. हवेत नुसती उंच धरली, तरी होताच. इकडून येतो म्हणावे तर तिकडून, तिकडे जावे तर सगळीकडून.

"फट असेल," तो मोठ्याने म्हणाला. एकट्या माणसाने गॅरेजात मोठ्याने बोलणे हे काही चांगले लक्षण नव्हे. पण फट असू शकते. जोड सैल झाला की तिथून चोरटी हवा शिरते. त्यावर उपाय ठरलेला. त्याने प्रत्येक जोडावर रॉकेलचा एकेक थेंब सोडला. फट असेल तिथे थेंब आत ओढला जातो आणि इंजिनाचा सूर बदलतो. पुढचा जोड, मागचा जोड, मधला, खालचा. सूर बदलला नाही. थेंब जोडांवर नुसते बसून राहिले, त्याच्याकडे बघत.

म्हणजे फट नव्हती. मग दोनच गोष्टी उरत होत्या.

एक तर डॉक्टर. शेवटच्या वेळी गाडी जुळवून दिली तेव्हा त्यांनी कानसेनच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले होते, "यातले दोन दम तू सांभाळ, कानसेन. तिसरा माझा." कानसेन तेव्हा हसला होता. डॉक्टरांच्या विनोदावर तोंड रिकामे असताना हसायची संधी क्वचितच मिळे. आता मात्र त्याच्या मानेवरचे केस एकेक करून उभे राहिले.

नाही तर आप्पा. म्हणजे आप्पांची फुसफुस.

आणि इथे एक गोष्ट झाली, जी कानसेनने पुढे कुणाला सांगितली नाही, म्हणून मीच सांगतो. त्याने हात जोडले आणि मनापासून मागणे मागितले, की हे भूतच असू दे. भूत निघाले तर ते गाडीचे. कान गेला तर तो आपला. भुताला लेक संध्याकाळी गाडीसकट घेऊन जाईल. कान कोण घेऊन जाणार?

पण कुठले ते कळायला हवे होते. त्याला एक युक्ती सुचली, आणि सुचताक्षणीच ती सुचली नसती तर बरे, असे वाटले. दोन्ही कार्ब्युरेटरची तोंडे तळहातांनी गच्च दाबायची. हवा बंद, की इंजिन बंद. मग तो श्वासही बंद झाला तर तो गाडीचा. इंजिन बंद पडूनही चालू राहिला तर...

त्याने नळी खिशात कोंबली आणि तळहात ठेवले. पुढच्यावर डावा, मागच्यावर उजवा. दाबले.

तळहात शोषले गेले. इंजिन गुदमरले, लटलटले, आचके देऊ लागले. आता पडेल, आता पडेल.

पडले नाही.

दोन्ही तोंडे बंद असताना ते इंजिन खोकत, फरफटत, पण चालतच राहिले. आणि तो दातांतला श्वास वाढला. सीऽऽऽचा सूऽऽऽ झाला, सूऽऽऽचा किंकाळीसारखा ईऽऽऽ झाला. तो ऐकायला आता नळीही लागत नव्हती.

कानसेनने हात सोडवले, चावी उलटी फिरवली, आणि गॅरेजच्या दाराशी केव्हा पोचला हे त्याचे त्यालाच कळले नाही. त्याची बायको तिथेच समोर उभी होती, हातात चहाचा कप घेऊन.

"अहो, चेहऱ्याचा रंग कुठं गेला?"

"कुठं काय?"

"चुना फासलाय जसा. काय झालं?"

कानसेनने तिच्याकडे पाहिले. मग आयुष्यात जे केले नव्हते ते केले. खिशातून नळी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"ही लाव कानाला. मी गाडी चालू करतो. तुला किती आवाज येतात ते सांग."

"मला? गेल्या दिवाळीत टाकीतलं पाणी काढायला मागितली होती तर म्हणालात, देवघरातली..." ती थांबली. त्याने नळी तशीच पुढे धरून ठेवली होती. तिने कप बॉनेटच्या कडेला ठेवला आणि निमूटपणे नळी घेतली.

इंजिन चालू झाले. तिने नळी पुढे धरली, मागे धरली, मध्ये धरली. टाचणी नसतानाही ओठ दाबून धरले होते.

"तीन," ती म्हणाली.

"किती?"

"तीन हो! दोघं घोरतायत आणि तिसरा दातांतून हवा ओढतोय. तिखट लागल्यावर ओढतात तशी."

कानसेन अवजारांच्या पेटीवर मटकन बसला. तिलाही ऐकू येते आहे! म्हणजे कान शाबूत. म्हणजे आप्पा नव्हेत. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तो हसला, त्याने बायकोने ठेवलेला कप उचलून गार चहा एका घोटात संपवला. आणि घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच त्याच्या लक्षात आले, की मग भूत खरे आहे.

"चल इथून," तो म्हणाला.

"कुठं?"

"घरी. वहिनींना सांगू, नाही जमलं."

"का म्हणून?"

मग त्याने सगळे सांगितले. तिसरा दम, दाबलेली तोंडे, न मेलेले इंजिन. आप्पांचे तेवढे गाळले. बायको ऐकत होती आणि टेपचे टोक बोटाला गुंडाळत होती.

"म्हणजे दोन्ही तोंडं बंद केली तरी ती श्वास घेते?"

"हो ना."

"मग तिला तिसरं तोंड आहे."

"अगं, गाडीला तिसरं तोंड कुठलं? मी हिला पहिल्यापासून ओळखतो."

"मलाही ओळखता की," ती म्हणाली. "हे बघा, नाक दाबलं की तोंड उघडतं. तुम्ही दाबा. मी तोंड शोधते."

"कुठं शोधणार?"

"आत, सीटवर. इतका शिकलेला माणूस, मेल्यावर बॉनेटमध्ये बसेल होय?"

ही असली माणसे भुतांचीही पंचाईत करतात. कानसेन नको नको म्हणेपर्यंत ती दार उघडून त्या खळग्यात बसली सुद्धा. मग खाली वाकली, आणि त्याला फक्त तिच्या पाठीचा कणा दिसत राहिला.

"दाबा!" आतून आवाज आला.

त्याने तळहात ठेवले. डोळे मिटले. दाबले. इंजिन आचके देऊ लागले, आणि तो श्वास पुन्हा चढू लागला. सीऽऽऽ. सूऽऽऽ. आणि मग एकदम, मध्येच, फटक्. श्वास तुटला.

त्याच क्षणी बायकोने किंकाळी फोडली.

"सोडा! अहो सोडा! सोड मेल्या!"

यातले कुठले आपल्याला आणि कुठले त्याला, हे कानसेनला कळेना. त्याने डोळे उघडले. तिच्या गळ्यातली टेप ताठ झाली होती. एक टोक तिच्या मानेला विळखा घालून होते आणि दुसरे डॅशबोर्डखालच्या काळोखात सरसर, सरसर आत जात होते. कुणीतरी तिचे माप घेत होते.

कानसेनच्या पायांनी दाराकडे जायचे ठरवले होते. पण हात कार्ब्युरेटरवरून सुटले ते चावीवर गेले, आणि चावीवरून बायकोच्या खांद्यावर. इंजिन मेले. टेप सैल पडली. दोघे गाडीच्या दारात एकमेकांना धरून, एकमेकांचा श्वास ऐकत बसले. श्वासांचा आता काही भरवसा नव्हता, म्हणून त्याने मोजले. दोनच होते.

"काय झालं? कोण मेलं?" वहिनी एका पायात चप्पल घालून धावत आल्या.

बायकोने गळ्याला हात लावून पाहिले. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. भीती ओसरली आणि तिच्या जागी, टेपची चोरी झालेल्या शिंपिणीचा राग आला. ती पुन्हा वाकली, टेप धरून माग काढत काढत हात आत घातला, आणि चाचपत काहीतरी खाली ओढले.

ती एक नळी होती. तिच्या टोकाला आकड्यासारखे वाकडे, पांढरे, पोकळ तोंड; टेपचे टोक त्यातूनच सुटले.

तिघेही त्या तोंडाकडे बघत राहिले. तिघांनीही ते कधी ना कधी आपल्या ओठांच्या कोपऱ्यात अडकवून घेतले होते. दात कोरताना तोंडातली थुंकी ओढून घ्यायला दातांचे डॉक्टर जे लावतात, ते.

कानसेन आडवा होऊन गाडीखाली शिरला. नळी डॅशबोर्डमागून इंजिनाकडे गेली होती, ब्रेकच्या नळीला अशी बिलगून, की दोघी एकच वाटाव्यात, आणि कार्ब्युरेटरच्या खाली, हवा इंजिनात जाते त्या वाटेला गुपचूप जोडली होती. "मी आपला ही ब्रेकची समजत होतो," तो खालूनच म्हणाला. "इतकी वर्षं! पण ही आत कशासाठी आणली? आणि मी जुळवायचो तेव्हा हिचं तोंड बंद कसं असायचं?"

वहिनींनी ते वाकडे तोंड नाकाशी नेले. हुंगले. पुन्हा हुंगले.

"लवंग," त्या म्हणाल्या. आणि मग जरा वेळाने, "आणि तंबाखू."

त्या उठल्या आणि घरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर एक छोटेसे रबरी बूच होते.

"गेले तेव्हा हे मुठीत होतं," त्या म्हणाल्या. "मूठ अशी आवळलेली, की उघडायला दोघं लागले. कशाचं बूच ते कुणाला कळेना. घरातल्या सगळ्या बाटल्या बघितल्या, थर्मास बघितला. शेवटी म्हटलं असू दे, आणि उशाशी ठेवलं. वर्षभर रोज बघते नि विचारते, काय सांगायचं होतं हो तुम्हाला?"

त्यांनी बूच त्या वाकड्या तोंडावर दाबले. टुप्प. जणू एकाच आईची लेकरे.

मग वहिनींचे खांदे हलू लागले. कानसेनच्या बायकोने पुढे होऊन त्यांना धरले, तर त्या रडत नव्हत्या. म्हणजे नुसत्या रडत नव्हत्या.

"दम लागतो म्हणून जाऊन बसायचे म्हणे गाडीत! दम लागतो! मेला दम मारायला जात होता हा माणूस! आणि धूर इंजिनाला पाजत होता, म्हणजे माझ्या नाकाला कळू नये! अख्ख्या गावाला सिगारेट सोडायला लावली!"

"वहिनी, त्यांनी अर्धीच ओढली," कानसेन गाडीखालून म्हणाला. "उरलेली अर्धी गाडीने."

खरे सांगायचे तर या गाडीच्या धुराला लवंगेचा वास येतो, हे कानसेनला पहिल्यापासून ठाऊक होते. त्याला वाटायचे, पेट्रोल चांगले आहे.

बूच बसवून इंजिन पुन्हा चालू केले. धाप गेली. त्याने नळी लावली. आता दोनच श्वास होते, पुढचा जरा जड, मागचा जरा हलका. मघाशी तिसऱ्याच्या गोंगाटात तो फरक बुडून गेला होता. त्याने पुढचा स्क्रू केसभर मागे घेतला, मागचा केसभर पुढे. पुन्हा ऐकले. पुन्हा केसभर. दोन्ही फुसफुशी एकमेकींत विरघळून एक झाल्या, तेव्हा त्याने दांडी आवळली, आणि रिकामा कप पाण्याने भरून बॉनेटवर ठेवायला सांगितला. पाणी हलले नाही. कानसेन म्हणतो, त्यात एक माशी पडली होती, तिला गाडी चालू असल्याचे कळलेच नाही.

"शाबास," वहिनी म्हणाल्या आणि लेकीला फोन करायला आत गेल्या.

त्याने चावी फिरवली. इंजिन बंद झाले. गॅरेज एकदम एवढे शांत झाले, की खिडकीवरची धूळ ऐकू यावी.

नळी कानातच होती.

तो सवयीने काढायला गेला आणि थांबला. चालू इंजिनाचे बायकोने ऐकले होते. तीन म्हणाली होती, तीनच निघाले. पण आप्पांची फुसफुस चालू इंजिनात नव्हती. ती या शांततेत होती, आणि हिचे माप दुसऱ्या कुणाला घेता येत नाही. भूत पाहून झाले, आता हे राहायला नको. तो बंपरला टेकून जमिनीवर बसला. नळीचे दुसरे टोक कुठेतरी बाजूला लोंबत होते. त्याने डोळे मिटले.

काही नाही.

काही नाही.

मग आली. फुस्स. बारीक, गरम, अगदी कानाच्या पडद्यापाशी. थांबली. पुन्हा आली. फुस्स.

कानसेनने डोळे मिटलेलेच ठेवले. त्याला खुर्ची दिसली. तिच्यावरचे टायर कुणीतरी काढून ठेवले होते. खोकणाऱ्या गाड्या एकामागून एक पुढून जात होत्या, आणि एक हात सगळ्यांना सलाम करत होता, आणि त्या हाताला सगळी बोटे होती, म्हणून तो कुणाचा ते ओळखू येत होते. फुस्स. फुस्स. आता ही कायमची. जेवताना, झोपताना. त्याने जीव एकवटून ऐकले, आणि फुसफुशीला हळूहळू अक्षरे फुटली.

"...पडद्याची दांडी कधी बसवणार?"

"रविवारी!" कानसेन ओरडला. आनंदाने, गॅरेज हादरेल असा ओरडला, आणि डोळे उघडले.

बायको शेजारी उकिडवी बसली होती. नळीचे दुसरे टोक तिच्या ओठांशी होते. तिने ते सावकाश खाली ठेवले.

"ऐकू आलं?"

"आलं! अगं, शब्द न् शब्द आला!"

"मी तर श्वासाहून बारीक बोलले."

"म्हणूनच तर! माझा कान..." आनंदाच्या भरात त्याने आप्पांचेही सगळे सांगून टाकले. ती ऐकत होती. त्याचा हात हातात घेऊन, बोटे मोजल्यासारखी एकेक दाबत होती. तिचे डोळे ओले झाले होते, हे त्याला नक्की दिसले. पण ते लवकर वाळले.

"म्हणजे कान चांगलाच आहे तर," ती म्हणाली.

"उत्तम!"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासू..." कानसेन बोलता बोलता थांबला.

"दांडीचं मी वर्षभर सांगतेय. मोठ्याने. समोर उभी राहून." तिने टेप गळ्यातून काढली, शांतपणे झटकली, आणि तिची घडी घालू लागली. "आणि ती बटणं?"

त्या दिवसात कानसेन भुताला भ्याला होता आणि आप्पांच्या खुर्चीला भ्याला होता, पण तेव्हा निदान बाहेर पळायला दार तरी होते. आता दार तिच्या मागे होते. त्याने घाईघाईने नळी गुंडाळली, ती खिशात घातली, आणि डावा कान तिच्याकडे करून, त्यामागे हाताचा पंजा धरून विचारले, "काय म्हणालीस?"